जवाब नको, तोल हवा

घराचा दर्शनी भाग हा साहित्यविषयक पत्रिकेत विचारार्थ घेण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, जी कृती माणूस स्वतःसाठी करतो, परंतु जिचे वाचन रस्त्याने येणारे-जाणारे सर्वजण रोज करतात, तिची समीक्षा व्हावयासच हवी. एखादा कवितासंग्रह न वाचण्याची मुभा आपणांस असते. समोरचे घर न पाहण्याची नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथल्या जुन्या मराठी वस्त्यांतून फिरताना घरांचे चेहरे किती झपाट्याने बदलत आहेत, हे कोणाच्याही ध्यानात येईल. या बदलामागे पैसा आहे, सोय आहे, तशीच एक सौंदर्यकल्पनाही आहे. ती कल्पना अशी : घराची डावी बाजू उजवीसारखी नसेल तर ते घर विरूप होय, आणि त्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करणे, ते न जमल्यास सारख्या भासवणे. ही कल्पना तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन बाजू सारख्या असण्याच्या गुणाला आपण सममिती म्हणतो. सममितीचे मोल किती आणि तिची किंमत किती, हे समजून घेण्यासाठी ताजमहालाइतके उत्तम उदाहरण नाही. ताजच्या पश्चिमेस लाल दगडाची मशीद आहे. पूर्वेस अगदी तशीच दुसरी इमारत आहे; तिला ‘जवाब’ असे म्हणतात. ती मशीद नाही, कारण मक्केची दिशा दाखविणारा मेहराब तिच्यात नाही. पश्चिमेच्या इमारतीला पूर्वेकडून उत्तर मिळावे, हेच तिचे मुख्य प्रयोजन. एवढे करूनही मुख्य दालनात मुमताजची प्रतिकबर मध्यरेषेवर आहे आणि तिच्या शेजारी, पश्चिमेस, शहाजहानची मोठी प्रतिकबर नंतर आली. संपूर्ण वास्तूतील सममिती तेथे भंगली. बादशहाला एक आख्खी इमारत केवळ ‘जवाब’ म्हणून उभारणे परवडले. तीस फूट रुंदीच्या घराच्या मालकाने तोच हव्यास धरला, तर त्याला ती किंमत स्वतःच्या खोल्यांतून, उजेडातून आणि वाऱ्यातून मोजावी लागते.

आपल्या मंडळींच्या मनात हा हव्यास कोठून आला, हे पाहणे उद्बोधक आहे. आमच्या मते त्याचे मूळ राजवाड्यांत आहे. इंदूरचा राजवाडा पाहा. सात मजले, त्यांतले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. मध्ये भव्य दरवाजा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सज्जे व खिडक्या यांच्या सारख्या रांगा. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा लाकडी कोरीव दर्शनी भागही असाच मध्यावर सज्जा धरून दोन्हीकडे पसरलेला. या वास्तूंना सममिती शोभते, कारण त्यांचे काम सत्ता दाखविण्याचे होते. सरदार, मानकरी आणि रयत समोर उभी राहणार, स्वारी मधल्या दरवाजातून बाहेर पडणार. तेव्हा वास्तूचा मध्य हाच तिचा अर्थ होता. पुढे दक्षिणेतून आलेल्या कारकून, शास्त्री, शिलेदार घराण्यांनी आपापली घरे बांधली, तेव्हा राजवाड्याचा नमुना डोळ्यांसमोर असणे स्वाभाविक होते. मात्र घर हे दरबाराचे ठिकाण नव्हते. त्यात माजघर होते, बाळंतिणीची खोली होती, कोठी होती, मुलांची शिकवणी चालणारी ओसरी होती. या सर्वांच्या खिडक्या एका मापाच्या असण्याचे कारणच नव्हते.

शिवाय जी घरे मुळात सममित होती, तीही तशी राहिली नाहीत, आणि याचे कारण आमच्या वाचकांना सांगावयास नको. जुने लाकडी घर खणांत मोजले जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. ज्या घराचे दार मधल्या खणात, त्याच्या दर्शनी खणांची संख्या विषम असणारच : तीन, पाच, सात. आता पाच खणांचे घर दोघा भावांत वाटावयाचे झाले, तर एकाकडे तीन आणि एकाकडे दोन खण जातात. मूळचे दार तीनवाल्याच्या वाट्यास येते, आणि दुसरा आपल्या दोनांपैकी एका खणात नवे दार काढतो. वाटणी कितीही न्याय्य असो, दर्शनी भाग त्या दिवसापासून एकांगी होतो. याखेरीज कोणी ओसरीचा एक खण बंद करून दुकानाला भाड्याने दिला, कोणी वरच्या बिऱ्हाडासाठी बाहेरून जिना घेतला, कोणी चारचाकीसाठी जोते फोडले. आणि अनेक गावांत रस्ता रुंद करताना घराचा पुढचा भाग तिरका कापला गेला. एका टोकाला दोन फूट गेले, दुसऱ्या टोकाला सहा. नोकरीच्या काळात बांधकामाचे नकाशे आमच्या नजरेखालून बरेच गेले. त्या अनुभवावरून आम्ही म्हणतो की, जुन्या वस्तीतील घराचे एकांगीपण हा क्वचितच कारागिराचा दोष असतो. बहुधा ती त्या घरात घडलेल्या गोष्टींची नोंद असते.

तेव्हा खरा प्रश्न असा, की नोंद पुसून टाकल्याशिवाय रूप सुधारता येते काय? येते, आणि त्याचा फार मोठा दाखला आपल्याच एका गावात उभा आहे.

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची रचना मेजर चार्ल्स मांट यांनी केली. 1881 साली त्यांचा मृत्यू झाल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले आणि 1890 साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, ते पूर्ण झाले. या वास्तूची डावी बाजू उजवीसारखी नाही. कोठे उंच मनोरा, कोठे मोठा घुमट, कोठे कमानींची बसकी रांग. दरबाराचा भाग, महाराजांचा निवास आणि राणीवसा अशी तीन प्रकारची जीवने आत चालावयाची होती. त्या तिहींना बाहेरून एकच मुखवटा चढविण्याचा आग्रह शिल्पज्ञाने धरला नाही. तरीही दुरून पाहणाऱ्याला ही वास्तू तुकड्यातुकड्यांची वाटत नाही. याची कारणे शोधली तर तीन सापडतात. उंच मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूला तितकाच उंच मनोरा नाही, परंतु लांब पसरलेला वस्तुभार आहे. उंचीला उत्तर लांबीने दिले आहे. दुसरे, कमानी आणि सज्जे पुनःपुन्हा येतात. गीतात ध्रुवपद यावे तसे ते डोळ्याला ओळखीचे होतात. तिसरे, दगडाचा उबदार रंग बहुतेक सर्वत्र एक आहे. म्हणजे एकत्व आले ते प्रतिबिंबातून आलेले नाही. भार, पुनरावृत्ती आणि रंग यांतून आलेले आहे. यालाच आम्ही तोल म्हणतो.

राजवाड्याचे उदाहरण सामान्य घराला लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून एका लहान घराचा दाखला देतो. तो परदेशातला आहे, पण प्रश्न आपलाच आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या चेस्टनट हिल या भागात रॉबर्ट व्हेंचुरी या वास्तुशिल्पज्ञाने आपल्या आईसाठी एक घर बांधले. ते 1964 साली पूर्ण झाले. समोरून पाहावे तर लहान मुलाने काढलेल्या चित्रासारखे त्रिकोणी माथ्याचे, मध्ये प्रवेशाची मोकळी जागा असलेले घर. पण खिडक्या दोन्हीकडे निराळ्या आहेत. एका बाजूला चार चौकोनांची एक मोठी खिडकी आणि एका चौकोनाची लहान खिडकी. दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरासाठी पाच चौकोनांची आडवी ओळ. मोजून पाहिले की दोन्हीकडे पाच-पाच चौकोन भरतात. स्वयंपाकघराला आडवा उजेड हवा होता, तो मिळाला. खोलीला मोठी खिडकी हवी होती, तीही मिळाली. आणि हिशेब चुकला नाही. आमच्या व्यवहारी मंडळींना हे घर आवडावे. ऐवज समान, पण प्रत्येकाला गरजेप्रमाणे निराळ्या नाण्यांत दिलेला, अशी ही वाटणी आहे.

या विचाराला युरोपात जुनी परंपराही आहे. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन याने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या 1851 ते 1853 या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मध्ययुगीन गॉथिक कारागिरांची वाखाणणी केली, ती बाहेरच्या सारखेपणापायी आतल्या उपयोगाचा त्यांनी बळी दिला नाही म्हणून. पण आम्हांला यासाठी इंग्रजांच्या दारी जावयाचे कारण नाही. आपल्या घरातील तंबोरा पाहा. भोपळा एका टोकाला, लांब दांडी दुसऱ्या टोकाला. त्याला दुसरा भोपळा बसवावा असे कोणा गवयाला वाटले नाही. पदर एकाच खांद्यावरून येतो आणि तो लुगड्याची शोभा वाढवितो. शिंदेशाही पगडीचे टोक एका बाजूला झुकलेले. ते मध्यावर आणले तर तिचा सारा रुबाब जाईल. ज्या समाजाची नजर या वस्तूंवर तयार झाली, त्याने घरापुरती मात्र फूटपट्टी हातात घ्यावी, हे नवल आहे.

आता हल्लीच्या उपायांकडे वळू. ‘एलिव्हेशन करवून घेतले’ हा शब्दप्रयोग आता आपल्या बोलण्यात रुळला आहे. त्याचा अर्थ बहुधा असा असतो : जुन्या भिंतीपुढे ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांची अथवा काचेची एक दुसरी भिंत चढवावयाची, म्हणजे मागचे उंचसखल झाकले जाते. झाकले जाते हे खरे. पण त्याबरोबर खिडक्याही झाकल्या जातात, भरदुपारी दिवे लावावे लागतात, पश्चिमेची काच तापून खोलीची भट्टी होते, आणि पत्र्यामागे कबुतरांचा संसार थाटला जातो. दुसरा प्रकार खोट्या खिडकीचा. आत जिना किंवा मोरी आहे, तेथे खिडकी नको आहे. तरी बाहेरून चौकट, छज्जा आणि जाळी बसवून तिचे सोंग उभे केले जाते. तिसरा प्रकार खांबांचा. दोन खणांच्या ओसरीपुढे चार गोल पाश्चात्त्य खांब उभे राहतात. त्यांच्यावर भार कसलाच नसतो. हे तिन्ही प्रकार म्हणजे ‘जवाब’च आहेत, पण बादशहाचे बळ नसलेले. त्यांतला दोष केवळ खोटेपणाचा नाही. घर सुधारल्यावर त्यात राहणाऱ्याचे जिणे अवघड होत असेल, तर ती सुधारणा कोणासाठी झाली, हा प्रश्न उरतो.

मग करावे काय? जुन्या सुतारांनी आणि गवंड्यांनी याचे उत्तर आपल्यासाठी ठेवून दिले आहे. त्यांनी सममिती घरभर पसरविली नाही. ती दारापाशी ठेवली. भक्कम चौकट, वरच्या आडव्या पट्टीवर मध्यभागी गणपती, दोन्ही बाजूंना पणतीसाठी सारखे दोन कोनाडे, पुढे उंबरठा आणि पायऱ्या. एवढा भाग काटेकोर सारखा. त्यापलीकडे घर हवे तसे पसरो. पाहणाऱ्याची नजर प्रथम दार शोधते. ते तिला सापडले आणि तेथे तिला विसावा मिळाला, की उरलेल्या भागाचे एकांगीपण तिला खुपत नाही. म्हणून एकांगी घर सुधारताना पहिला खर्च दारावर व्हावा. चौकट घासूनपुसून तेलपाणी करावी, कोनाडे बुजविले असल्यास मोकळे करावेत, दारावर उजेड पडेल असा दिवा लावावा, आणि फाटकापासून येणारी वाट सरळ दाराकडे न्यावी, मग ते दार कडेला असले तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट आडव्या रेषांची. जोत्याची वरची कड, खिडक्यांच्या चौकटींची वरची रेषा, सज्जाचा कठडा, पागोळ्या गळतात ती छपराची कड, या रेषा घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहिल्या, तर खिडक्यांची रुंदी कमीअधिक असली तरी घर एकसंध दिसते. खिडक्या बदलावयाच्याच असतील, तर रुंदी आतल्या गरजेवर सोडावी, पण माथे एका ओळीत ठेवावेत आणि तावदानांचे माप एकच धरावे. पट्टी तुटली असेल तेथे साध्या चुन्याच्या अथवा सिमेंटच्या गिलाव्याने ती पुढे नेता येते. हे काम पत्र्याच्या भिंतीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

तिसरी गोष्ट भाराची. मुलांच्या बागेतली फळी आठवावी. जड मूल टेकूजवळ बसले आणि हलके मूल दूरच्या टोकाला बसले, तरी फळी समतोल राहते. घराचा टेकू म्हणजे दार. दाराच्या एका अंगाला दुमजली भाग असेल आणि दुसरीकडे बैठी ओसरी, तर ओसरीवर मजला चढविण्याची गरज नसते. तिच्या दूरच्या टोकाशी बकुळीचे झाड, चाफा, फार तर मांडवावर चढविलेली जाई पुरते. झाडाला भिंतीइतका खर्च येत नाही आणि त्याची सावली मिळते. मात्र मोठे होणारे झाड जोत्यापासून दूर लावावे. मुळे भिंतीत शिरली तर तोल राहील पण घर राहणार नाही. रंगाचेही हेच. जो भाग अंगावर आल्यासारखा वाटतो त्याला शांत, भिंतीत मिसळणारा रंग द्यावा. जो दबलेला आहे त्याच्या कठड्याला, खांबांना, खिडक्यांच्या चौकटींना जरा उठाव द्यावा. आणि या सर्वाआधी, विजेच्या व दूरचित्रवाणीच्या लोंबत्या तारा, उघडा मीटर, वातानुकूलन यंत्राची बाहेरची खोकी आणि कठड्यावरची काळी टाकी यांची व्यवस्था लावावी. पुष्कळ घरांना आपण विरूप समजतो, ती केवळ पसाऱ्याखाली दबलेली असतात.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा, की आपली देवळे सममित आहेत, तेव्हा सममिती हेच मंगल. देवळांविषयी हे बहुतांशी खरे आहे. पण देवळाची सारी वास्तू एका गाभाऱ्यासाठी असते, आणि गाभारा मध्यरेषेवर असतो. घरात अनेकजण राहतात आणि त्यांच्या गरजा एका रेषेवर बसत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. तोल हा शब्द सैल आहे; त्याच्या नावाखाली कोणीही कसलाही अव्यवस्थितपणा खपवील. हे भय खरे आहे. सममिती साधण्यास दोरी आणि फूटपट्टी पुरते. तोल साधण्यास रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, सकाळी आणि संध्याकाळी, पुन्हापुन्हा पाहावे लागते. पण अवघड आहे म्हणून ते टाकून द्यावे, असे कोणत्याही कलेत होत नाही. छंदोबद्ध रचनेत मात्रा मोजता येतात, मुक्तछंदात त्या मोजता येत नाहीत. म्हणून मुक्तछंदाला लय नसते असे आपल्या मंडळात तरी आता कोणी म्हणणार नाही.

सममितीचा आम्हांला आकस नाही, हेही सांगितले पाहिजे. जेथे ती मुळात आहे आणि अजून शाबूत आहे, तेथे ती जपलीच पाहिजे. गोव्यात चांदोर येथे मेनेझिश ब्रागांझा घराण्याचे जे विस्तीर्ण घर आहे, त्याच्या लांबलचक दर्शनी भागाला चोवीस खिडक्या आहेत. एकाच घराण्याच्या दोन शाखांत ते विभागलेले आहे. एक अंग एका शाखेकडे, दुसरे दुसरीकडे. आत दोन संसार आहेत. रस्त्यावरून मात्र एक घर दिसते.

या उदाहरणाने आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. आपल्या वस्त्यांतील घरांचे चेहरे बिघडले, ते एक बाजू दुसरीसारखी नाही म्हणून बिघडले नाहीत. तीन खणांवर पिवळा रंग, दोन खणांवर गुलाबी, इकडे कौले, तिकडे काच, एकाने पट्टी राखली, दुसऱ्याने तोडली, यामुळे बिघडले. घर आतून वाटले गेले ते अटळ होते, परंतु दर्शनी भाग वाटण्याची गरज नव्हती. तो दोघांपैकी कोणा एकाच्या वापराचा नसतोच. तो गावाच्या नजरेचा असतो. म्हणून आमची एक साधी सूचना आहे. यापुढे ज्या घरांची वाटणीपत्रे होतील, त्यांत एक कलम घालावे : दर्शनी भिंतीचा रंग, जोत्याची व छपराची रेषा आणि मूळचे दार यांत बदल करावयाचा झाल्यास तो सर्व हिस्सेदारांच्या संमतीने व्हावा, आणि त्याच्या रंगरंगोटीचा खर्च खणांच्या प्रमाणात वाटून घ्यावा. विहीर, बोळ, जिना यांच्या सामाईक वहिवाटीची कलमे आपले पूर्वज लिहीत आले आहेत. त्या यादीत घराच्या चेहऱ्याची भर पडावी, एवढेच मागणे आहे. कलमाचा नेमका मसुदा आपापल्या वकिलाकडून पाहून घ्यावा, कारण जमीन-मिळकतीचे नियम राज्यागणिक निराळे आहेत.

जी मराठी घराणी या गावांत दोन-अडीचशे वर्षे राहिली, त्यांची घरे आता थोडी उरली आहेत, आणि उरलेली बहुतेक एकांगी आहेत. कोणाचा एक सज्जा गेला, कोणाचे अर्धे जोते. गेलेल्या अर्ध्याची नक्कल उभी करण्यात पैसा न घालवता उरलेल्या अर्ध्याला ताठ उभे करावे. त्याला दार द्यावे, एक अखंड रेषा द्यावी, एक रंग द्यावा, आणि मोकळ्या बाजूला एक झाड द्यावे.